दोन औषधं झाली, आता पुढे काय?

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबातून आलेलं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्राचा सारांश असा:

पती ४१ वर्षांचे. गेले आठ महिने ते गप्प गप्प असतात. पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी सगळ्यात जास्त त्रास, संध्याकाळकडे जरा बरं. वजन ९ किलोंनी उतरलं. बागेत जात नाहीत, फोन उचलत नाहीत. दोन हंगाम पावसानं गेले, सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज आहे. गावातल्या डॉक्टरांनी आधी ताकदीची इंजेक्शनं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनवरचं एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केलं. पाचव्या आठवड्यात बरं वाटायला लागलं आणि सासूबाई म्हणाल्या, ‘आता बास, सवय लागेल.’ गोळी एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं. दीड महिन्यात पुन्हा पहिल्यासारखं. आता दुसऱ्या डॉक्टरांची सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम तीन आठवडे चालू आहे, फरक नाही. हे डॉक्टर ‘गरज पडली तर ईसीटी देऊ’ (म्हणजे विजेच्या झटक्याचा उपचार) म्हणाले, तेव्हापासून घरात कुणी त्यांचं नाव घेत नाही. पुण्यातले दीर म्हणतात, दोन औषधं फेल गेली, मुंबईला नेऊन केटामाइन नाहीतर चुंबकाची ट्रीटमेंट करू. ‘मी रोज समजावते, बागेत चला, मन रमवा. ते म्हणतात, मी तुम्हाला ओझं झालोय. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ चा. कोणता नवा उपचार करावा?’

ताई,

नव्या उपचारांबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, त्यावर आधी थांबायला हवं. ‘मी तुम्हाला ओझं झालोय.’ डिप्रेशनमधला माणूस असं बोलला की घरातले घाईघाईनं समजूत घालतात, ‘असं वेडंवाकडं बोलू नका.’ मायेपोटीच म्हणतात, पण बोलणं तिथेच संपतं. आणि ‘मी नसलो तर यांचं बरं होईल’ हा विचार या वाक्याला अगदी लागून असतो. म्हणून समजूत घालू नका, विचारा.

आजच विचारा. मुलं झोपल्यावर, शेजारी बसून, सरळ शब्दांत: ‘इतका त्रास होतो तेव्हा जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असा विचार येतो का?’ हो म्हणाले तर पुढचं विचारा: कसं करायचं ते मनात आलंय का, वेळ ठरवलीय का. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. विचार असेलच तर तो बोलायला वाट मिळते. उत्तर ऐकून तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, पण रागावू नका आणि मुलांची शपथ घालू नका. शपथ घातली की विचार जात नाहीत, फक्त पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगितले जात नाहीत.

विचार येतात पण ठरवलेलं काही नाही, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून लवकरात लवकरची वेळ घ्या. पद्धत किंवा वेळ मनात ठरलेली असेल तर एकटं न सोडता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या. कुणाशी बोलावं सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. रुग्णानंच फोन करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.

आणि फवारणीची खोली. आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतो, त्यामुळे घरात औषधं कुठे ठेवलीत असं विचारलं की गोळ्यांचा डबा आठवतो, ती खोली आठवत नाही. बुरशीनाशकं, कीटकनाशकं, तणनाशक, छाटणीनंतर काड्यांना लावायचं पेस्टिंगचं औषध, उंदरांचं औषध, सगळं घराबाहेर हलवा: भावकीतल्या कुणाच्या गोदामात, किल्ली त्यांच्याकडे. घरातल्याच कपाटाला कुलूप लावून किल्ली देवघरात ठेवणं पुरेसं नाही. घरातल्या माणसाला घरातल्या किल्ल्या माहीत असतात. जीव द्यायचा झटका बहुतेक वेळा थोडा काळ टिकतो. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली, तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं. लोकांची दुःखं तेवढीच राहिली असतील, हाताशी असलेलं विष बदललं. फवारणी सालगड्याकडून किंवा भावकीतल्या कुणाकडून करून घ्या, लागेल तेवढंच औषध त्या दिवशी आणा. झोपेच्या गोळ्यांची पाकिटंही तुमच्याकडे राहू द्यात, एका वेळी एकच गोळी हातात द्या. मात्र या गोळ्या रोज महिनोन्महिने चालू असतील तर त्या स्वतःहून एकदम बंद करू नका. झोप पूर्ण उडते, काहींना झटकेही येतात. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

कधी काही घेतल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली किंवा पुडा सोबत न्या, कारण उतारा त्यावरच्या नावावर ठरतो. लक्षणं दिसत नसली तरी न्या.

आता तुमचा प्रश्न.

दीर म्हणतात तशी ‘दोन औषधं फेल गेली’ का? तुमच्या पत्रातल्या तारखा जोडून बघितल्या तर एकही औषध फेल गेलेलं दिसत नाही. एस्सिटालोप्रामनं तर पाचव्या आठवड्यात गुण दाखवला होता. ते लागू पडत होतं, आणि नेमकं तेव्हाच बंद झालं. सर्ट्रालिनचा ५० मिलिग्रॅम हा सुरुवातीचा डोस आहे. गरजेप्रमाणे तो १००, १५०, जास्तीत जास्त २०० पर्यंत नेतात. औषध लागू पडलं नाही असं म्हणण्याआधी ते पुरेशा डोसमध्ये, रोज न चुकता, चार ते सहा आठवडे पोटात जायला हवं. दोन वेगवेगळी औषधं अशी पूर्ण घेऊनही गुण आला नाही, तरच डॉक्टर ‘औषधांना दाद न देणारं डिप्रेशन’ म्हणतात. नवे उपचार मुख्यतः त्या रुग्णांसाठी आहेत. तुमचे यजमान अजून त्या पायरीवर आलेले नाहीत.

पहिल्याच औषधानं पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक असतात. म्हणजे औषध बदलावं लागणं हे अपयश नाही, तो उपचाराचाच भाग आहे. पण प्रत्येक बदल हिशेबानं व्हायला हवा, नाहीतर चार डॉक्टर आणि सहा औषधं होतात आणि एकही पूर्ण झालेलं नसतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, अस्वस्थपणा हे त्रास होतात आणि गुण मात्र दिसत नाही. बहुतेक लोक नेमके याच फटीत औषध सोडतात. गोळी न्याहारीनंतर घेतली तर मळमळ कमी होते. अस्वस्थता फारच वाढली, माणूस एका जागी बसेनासा झाला, तर गोळी न सोडता डॉक्टरांना कळवा. लैंगिक इच्छा कमी होणं हाही या औषधांचा नेहमीचा परिणाम आहे. नवरा-बायको दोघंही लाजेनं बोलत नाहीत आणि पुरुष गुपचूप गोळी टाळतात. हे डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलून उपाय करता येतो.

गुण येताना आधी शरीर हलायला लागतं: थोडं खाणं, थोडी झोप, थोडं बोलणं. घरातल्यांना हे आधी दिसतं, रुग्णाला मात्र ‘काही फरक नाही’ असंच वाटत असतं. उदासी मागाहून उतरते. या मधल्या दिवसांत अंगात बळ आलेलं असतं आणि मन अजून तसंच असतं, म्हणून ‘आता जरा बरे दिसतात’ म्हणून पहारा सैल करू नका. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत तर औषधाच्या सुरुवातीला जीव देण्याचे विचार वाढू शकतात. असा मुलगा किंवा मुलगी घरात असणाऱ्यांनी पहिला महिना दर आठवड्याला डॉक्टरांची भेट ठेवावी.

सासूबाईंना वाटलेली भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की गोळी बंद केली आणि चक्कर आली, करंट बसला. त्याला ‘सवय’ म्हणणं साहजिक आहे. पण व्यसन लागलं की माणसाला त्या वस्तूची ओढ लागते, मात्रा वाढवावीशी वाटते, ती मिळाली नाही तर शोधत हिंडतो. या गोळ्यांची अशी ओढ कुणाला लागत नाही. मेंदू त्या रसायनाशी जुळवून घेतो आणि एकदम काढून घेतलं की डगमगतो, म्हणून थांबवताना काही आठवडे घेऊन डोस उतरवतात. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होणारी चक्कर आणि करंट हा त्या डगमगण्याचा भाग असतो. काही आठवड्यांनी पहाटेची जाग, भूक मरणं परत येतं, तो मूळ आजार उलटलेला असतो. तुमच्याकडे दोन्ही लागोपाठ झालं आणि एकच वाटलं.

पूर्ण बरं वाटल्यावरही औषध निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायचं असतं. आजार आधी दोन-तीनदा येऊन गेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. थांबवण्याची वेळ आली की छाटणी आणि तोडणीची धामधूम टाळा.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर हे लिहून न्या: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, त्यातले किती दिवस चुकले, काय फरक पडला. डॉक्टरांना या कागदाचा मोठ्या फायलीपेक्षा जास्त उपयोग होतो. सोबत पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली दर पंधरा दिवसांनी भरून घ्या, मराठीत मिळते. गुण ० ते २७ मध्ये येतात. १० च्या पुढे मध्यम, १५ च्या पुढे बऱ्यापैकी तीव्र, २० च्या पुढे तीव्र. सुरुवातीच्या आकड्याचा निम्मा झाला की औषध लागू पडतंय, ५ च्या खाली आला की बरं झालं असं धरतात. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. बाकीचा आकडा कितीही कमी असला तरी तिथे शून्य नसेल तर डॉक्टरांना दाखवाच.

गुण का येत नाही हे शोधताना काही गोष्टी नेहमी निसटतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि सोडियम एकदा तपासून घ्या. दारू घेत असतील तर किती, ते खरं सांगा. रोजची दारू औषधावर पाणी फिरवते. सांधेदुखी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड चालू असेल तर सांगा. आणि एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही सांगा: यापूर्वी कधी सलग आठवडाभर झोप जेमतेम तीन तास असूनही दमले नव्हते, बोलणं वाढलं होतं, मोठमोठे बेत, उधळपट्टी, असं झालं होतं का? सख्ख्या नात्यात कुणाला? असेल तर हा बायपोलर आजार असू शकतो. त्यात नुसती डिप्रेशनची गोळी चालत नाही, माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. उपचार वेगळे असतात.

सर्ट्रालिन पुरेसं होऊनही अर्धाच गुण आला तर पुढची पायरी मुंबई नसते. औषध बदलणं किंवा त्याला लिथियम, अॅरिपिप्राझोल, क्वेटियापिन यांपैकी एखाद्याची जोड देणं, ही असते. लिथियमला रक्तातलं प्रमाण, किडनी आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावं लागतं, पण तो जुना आणि कसाला उतरलेला उपाय आहे. सोबत समुपदेशन हवं. मध्यम आणि तीव्र डिप्रेशनमध्ये औषध अधिक मानसोपचार हे दोन्ही मिळून एकट्या-एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १६ बैठका लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारून घ्या. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथे तपासणी आणि नेहमीची औषधं मोफत मिळतात. कर्जाच्या दिवसांत याचा विचार जरूर करा.

दिरांनी सांगितलेले उपचार

दीर उगाच बोलत नाहीत, हे आधी सांगायला हवं. हे उपचार खरे आहेत, फक्त ते कुणाला आणि कधी, हा प्रश्न आहे.

केटामाइन हे अमेरिकेत १९७० पासून वापरात असलेलं भुलीचं औषध. भुलीपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत, वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम या हिशेबानं, चाळीस मिनिटांत सलाइनमधून दिलं तर काही रुग्णांची उदासी आणि जीव देण्याचे विचार काही तासांत ते दिवसभरात उतरतात. नेहमीच्या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या वाटेनं जातात, हे ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या वाटेनं जातं आणि मेंदूतल्या पेशींमधले जोड पुन्हा धरायला मदत करतं, असा आजचा समज आहे. एका डोसचा गुण मात्र काही दिवसांतच ओसरतो, म्हणून आठवड्यातून दोनदा असे पाच-सहा डोस देतात आणि तो टिकवायला गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. डोस चालू असताना रक्तदाब चढतो, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं, वेळेचं भान जातं. हे तास-दोन तासांत ओसरतं. वारंवार घेतल्यास मूत्राशयाला इजा आणि व्यसनाचा धोका असतो. याच औषधाचा भाऊबंद, एस्केटामाइन, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. तिथेही तो घरी देत नाहीत: दवाखान्यात घ्यायचा, दोन तास देखरेखीखाली बसायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. सलाइनमधून केटामाइन देताना तर डॉक्टर भुलीसाठी मान्य असलेलं औषध डिप्रेशनसाठी वापरत असतात. म्हणून केंद्र निवडताना विचारा: आधी मानसोपचारतज्ज्ञ तपासणार का? डोसच्या वेळी भूलतज्ज्ञ आणि रक्तदाबाचं मशीन खोलीत असणार का? सहा डोसनंतर काय योजना? एकूण खर्च किती? पहिल्याच फोनवर तपासणीशिवाय ‘पॅकेज’ सांगणारं केंद्र सोडून द्या.

चुंबकाची ट्रीटमेंट म्हणजे आरटीएमएस. कपाळाच्या वर डाव्या बाजूला एक गुंडाळी धरतात, तिच्यातून चुंबकीय लहरींचे ठोके देतात, त्यानं मेंदूचा तो मंदावलेला भाग चाळवला जातो. भूल लागत नाही, माणूस जागा असतो, टकटक आवाज येतो, डोक्याच्या कातडीला टोचल्यासारखं होतं, काहींचं डोकं दुखतं. स्मरणशक्तीला धक्का लागत नाही. झटक्याचा धोका फार कमी, पण फिट्सचा इतिहास असेल किंवा डोक्यात धातू, कानातलं इम्प्लांट असेल तर आधी सांगावंच लागतं. अडचण वेळेची आहे: आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. पूर्वी एका बैठकीला ३७ मिनिटं लागत, आता तीन मिनिटांचा प्रकारही आहे, पण यायचं रोजच. म्हणजे महिना-दीड महिना शहरात मुक्काम, सोबत एक माणूस, बाग दुसऱ्याच्या हवाली. औषधांचे त्रास सोसत नाहीत अशांसाठी हा चांगला मार्ग आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी नाही, कारण गुण यायला आठवडे लागतात.

मशरूममधल्या सायलोसायबिनचे व्हिडिओही फिरत असतात. त्यावर देखरेखीखाली अभ्यास चालू आहेत. भारतात तो मान्य उपचार नाही. ऑनलाइन मागवण्याचा विचार कुणी करू नये.

उरलं ते, ज्याचं नाव घेतल्यावर घर हादरलं. ईसीटी सगळ्यात जुना आहे, १९३८ मध्ये रोममध्ये पहिल्यांदा दिला गेला, आणि तीव्र डिप्रेशनमध्ये आजही सगळ्यात प्रभावी उपचारांपैकी एक आहे. सिनेमात दाखवतात ते हातपाय बांधणं आणि किंचाळणं आता होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नं भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्यावर बंदी आहे. रुग्ण सकाळी उपाशीपोटी येतो, भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतात, काही सेकंदांचा विद्युतप्रवाह दिला जातो, मेंदूत मिनिटभराच्या आसपास झटका येतो, शरीर जेमतेम हलतं. अर्ध्या-एक तासात माणूस उठून चहा पितो. आठवड्यातून दोन-तीन, अशा ६ ते १२ वेळा. खरी उणीव स्मरणाची आहे: त्या आठवड्यांतल्या आणि थोड्या आधीच्या घटना पुसट होतात, बहुतेकांचं हळूहळू जागेवर येतं, काहींच्या काही आठवणी कायमच्या जातात. हे सहीआधी डॉक्टरांनी सांगायला हवं. २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या तुलनेत, भ्रम नसलेल्या आणि औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांत केटामाइन ईसीटीपेक्षा कमी पडलं नाही. म्हणजे दिरांच्या म्हणण्यालाही आधार आहे. पण माणसानं खाणं-पिणं सोडलं, ‘माझं शरीर सडलंय, आपण रस्त्यावर आलो’ असे भ्रम सुरू झाले, किंवा जीव देण्याचा धोका ऐन भरात असेल, तर ईसीटी शेवटचा नव्हे, पहिला उपाय ठरतो. पहाटेची जाग, सकाळी जास्त त्रास, ९ किलो वजन उतरणं, ही तुम्ही सांगितलेली लक्षणं ईसीटीला चांगली दाद देणाऱ्या प्रकारच्या डिप्रेशनकडे बोट दाखवतात. हे बघूनच या डॉक्टरांनी तो शब्द काढला असावा. त्यांना सोडू नका.

‘मन रमवा’ऐवजी

तुम्ही रोज समजावता. तुमचा जीव तुटतो, हे पत्रात दिसतं. पण ‘मन रमवा’मध्ये एक गृहीत आहे: मन रमेल, मग तो बागेत जाईल. या आजारात मन रमण्याची यंत्रणाच बंद पडलेली असते. सांगून ती सुरू होत नाही, आणि प्रत्येक सांगण्यातून त्यांना एवढंच ऐकू येतं की आपल्याला एवढंही जमत नाही. उलट दिशेनं जावं लागतं. आधी हालचाल, ती छोटी, ठरल्या वेळेची, मनाला न विचारता. मूड मागून येतो.

पहिला आठवडा: सकाळी सातला उठून तोंड धुणं, चहा खाटेवर नाही तर ओट्यावर, उन्हात. इतकंच. दुसरा आठवडा: चहानंतर बागेच्या पहिल्या दोन ओळी चालून परत, तुम्ही किंवा मुलगा सोबत, दहा मिनिटं. भुरी आलीय का, डाग दिसतो का, असं काही विचारायचं नाही. ती पाहणी नाही, चालणं आहे. तिसऱ्या आठवड्यात एखादं हातातलं काम, ठिबकचा कॉक उघडणं इतकं. एखादा दिवस चुकला तर त्याची चर्चा नको, दुसऱ्या दिवशी तीच वेळ. कामाचा आकार ठरवताना त्यांना झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मं घ्या. ‘बघा, किती बरं वाटलं ना!’ म्हणू नका, त्यांना वाटलेलं नसतं. ‘आज दोन ओळी झाल्या’ एवढं पुरे.

घरात कर्जावरून टोमणे बसत असतील तर तो प्रश्न मोठा आहे. रोज उणंदुणं निघणाऱ्या घरात डिप्रेशन जास्त वेळा उलटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘त्याच्यापेक्षा जास्त कर्ज असलेले लोक उभे आहेत’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. कर्ज हे कारण खरं आहे. पण कारण खरं असलं म्हणजे आजार खोटा ठरत नाही. पाय कशानं मोडला हे माहीत असलं तरी प्लास्टर लागतंच. कर्जाचा कागद मात्र दिरांनी हातात घ्यावा: कुणाचं किती, हप्ता कधी, बँकेत जाऊन मुदतवाढ किंवा पुनर्गठन मिळतं का. आजार भरात असेपर्यंत जमीन विकणं, बाग तोडणं, वाटणी, असे निर्णय थांबवा. आजारी मनाला एकच दार दिसत असतं.

सासूबाई त्यांना देवाला नेत असतील तर नेऊ द्यात. त्यांच्याशी देवावरून भांडलात तर त्या गोळीच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतील. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या, सवयीचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. आणि न्याहारीनंतरची गोळी हातावर ठेवण्याचं काम त्यांना द्या. ज्यांनी बंद केली त्यांच्याच हातून ती रोज गेली तर यजमानांच्या मनातली ओढाताणही मिटेल. काढा, चूर्ण काही देत असतील तर चोरून नको, डॉक्टरांना दाखवून.

मुलांना सगळं कळतंय, फक्त नाव माहीत नाही. सांगा: ‘बाबांना डिप्रेशन नावाचा आजार झालाय. तुमच्या वागण्यामुळे नाही. औषध चालू आहे, बरं व्हायला काही महिने लागतात.’ धाकट्याला इतकं पुरतं. मुलगी विचारेल, ‘मला पण होईल का?’ खोटं सांगू नका. सख्ख्या नात्यात असेल तर शक्यता इतरांपेक्षा दोन-तीन पट असते, तरी अशा घरांतल्या बहुतेक मुलांना होत नाही, आणि झालाच तर लवकर ओळखून उपचार होतात. तिला बाबांवर लक्ष ठेवायच्या कामाला मात्र लावू नका. तेरा वर्षांच्या मुलीनं तो पहारा करू नये. शाळेतून तक्रार आली, सारखं डोकं-पोट दुखू लागलं, चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर तिलाही दाखवा.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. त्याच २०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. रुग्णालयात दाखल झाल्यास त्याचा उपयोग होईल. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो.

तुम्ही स्वतःबद्दल पत्रात एक शब्दही लिहिलेला नाही. पहाटे तीनला ते उठतात तेव्हा तुम्हीही उठत असणार. आठ महिने. आठवड्यातल्या तीन रात्री सासूबाई, नणंद, दीर, जे कुणी असतील त्यांना त्या खोलीत झोपवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. पीएचक्यू-९ चा कागद आणाल तेव्हा दोन प्रती काढा, एक तुमच्यासाठी. तुमचा आकडा १० च्या वर आला तर त्याच डॉक्टरांकडे, त्याच दिवशी, तुमच्याही नावाचा केसपेपर काढा.